डीएस३२३१ घड्याळाचे झेडएस-०४२ मॉड्यूल: चिप उत्तम, मग सेल खातो कोण?

मायक्रोकंट्रोलरला तारीख-वेळ सांभाळायला लावायची म्हटली की बहुतेकांच्या हातात येते ते निळ्या पट्टीवरचे (सर्किट बोर्डवरचे), मागे गोल सेलचा खण असलेले झेडएस-०४२ मॉड्यूल. त्यावर मॅक्सिमची डीएस३२३१ ही चिप असते (मॅक्सिम २०२१ पासून अ‍ॅनालॉग डिव्हायसेसकडे आहे). शेजारी ४ किलोबाइटची एटी२४सी३२ मेमरी, एक दिवा, एक डायोड आणि थोडे रेझिस्टर, एवढाच संसार. या मॉड्यूलबद्दल एक तक्रार सतत कानावर येते: सेल काही महिन्यांतच बसतो, आणि मुख्य वीज गेली की घड्याळ १ जानेवारी २००० वर जाऊन बसते.

निकाल आधीच सांगून टाकू. चिपमध्ये दोष फार क्वचित सापडतो. सेल खाते ती चिपभोवतीची पट्टी, नाहीतर आपण केलेली जोडणी किंवा लिहिलेला प्रोग्राम. आणि बरेचदा सेल कुणी खाल्लेलाच नसतो. तो मुळात भरलेलाच नसतो.

आधी भागाकार, मग सोल्डरिंग आयर्न

डेटाशीटप्रमाणे मुख्य सप्लाय नसताना डीएस३२३१ सेलमधून ३.६३ व्होल्टला साधारण ०.८४ मायक्रोअँपिअर घेते, जास्तीत जास्त ३. दर ६४ सेकंदांनी चिप स्वतःचे तापमान मोजते, तो खर्चही या आकड्यात धरलेला आहे. सीआर२०३२ सेलची क्षमता सुमारे २२० मिलीअँपिअर-तास. भागाकार केला तर सर्वात वाईट चिपलाही तो ८ वर्षांवर पुरतो. नेहमीच्या चिपला ३० वर्षे पुरेल असे उत्तर येते, पण ते कागदावरच. त्याआधी सेलच म्हातारा होतो.

हाच भागाकार उलटा करा. सेल जितके तास टिकला त्याने २२० ला भागा, की सरासरी गळती हाती येते. सेल वर्षभर टिकला असेल तर साधारण २५ मायक्रोअँपिअर, चार-सव्वाचार महिने टिकला असेल तर ७०, एका महिन्यात संपला तर ३००, आणि दहा दिवसांत गेला तर जवळपास १ मिलीअँपिअर. या प्रत्येक आकड्यामागे वेगळा गुन्हेगार असतो. म्हणून नवा सेल टाकला की त्याच्यावर बारीक मार्करने तारीख लिहावी. पुढच्या वेळी निम्मे निदान त्या तारखेवरूनच होते.

दोन गोष्टी मात्र सुरुवातीलाच वगळून टाका, कारण त्यांचा सेलशी काही संबंध नसतो. पडद्यावर २१६५ साल किंवा १६५ तारीख दिसत असेल तर घड्याळ उत्तरच देत नाही. बसवर, म्हणजे चिप आणि मायक्रोकंट्रोलरमधल्या संवादाच्या तारांवर, सगळे बिट १ वाचले जातात, आणि २५५ हा आकडा बीसीडी (दशमानाचा प्रत्येक अंक चार बिटांत लिहिण्याची पद्धत) समजून उलगडला की १६५ होतो. अशा वेळी बसच्या एसडीए आणि एससीएल या दोन तारा तपासा. दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक वेळी चालू केल्यावर घड्याळ ठरावीक जुन्याच वेळेवर येणे. इथे प्रोग्रामच्या सुरुवातीला संकलनाची (प्रोग्राम कंपाइल केल्याची) वेळ विनाअट भरणारी ओळ राहून गेलेली असते. नमुना प्रोग्राममधून ती जशीच्या तशी उचलली जाते आणि बिचारा सेल बदनाम होतो.

भरणा करणारा रस्ता: पट्टीतली सर्वात मोठी चूक

मॉड्यूल मुळात एलआयआर२०३२ या पुन्हा भरता येणाऱ्या लिथियम-आयन सेलसाठी आखलेले आहे. त्यासाठी व्हीसीसीपासून (मुख्य सप्लायच्या पायापासून) सेलच्या धन टोकापर्यंत एक २०० ओमचा रेझिस्टर (त्यावर २०१ लिहिलेले असते) आणि एक १एन४१४८ डायोड असा सरळसोट रस्ता दिला आहे. भरणा थांबवणारे काहीही नाही. व्होल्टेज मोजणारे काही नाही. हे डिझाइन ज्याने केले त्याने पाच मिनिटे जास्त दिली असती तर या लेखाची निम्मी गरज उरली नसती.

५ व्होल्टच्या सप्लायवर काय होते पाहा. डायोडवर साधारण ०.६ व्होल्ट जातात, म्हणजे सेलला ४.४ व्होल्टपर्यंत दाब मिळतो. एलआयआर२०३२ ची मर्यादा ४.२ आहे. दिवसेंदिवस चालू राहणाऱ्या यंत्रात तो सतत जास्त भरला जातो, क्षमता घटते आणि शेवटी फुगतो. त्याच खणात सीआर२०३२ टाकला तर प्रकरण आणखी वाईट. तो भरण्यासाठी बनलेलाच नाही, आणि सुरुवातीला त्यात ६-७ मिलीअँपिअर उलटे घुसतात. सेल गळतो, फुगतो, क्वचित फुटूही शकतो. बाहेरून मात्र दिसते एवढेच की नवा सेल टाकला आणि थोड्याच काळात निकामी झाला. ही गळती नव्हे, ही मारहाण आहे.

३.३ व्होल्टवर चित्र बरोबर उलटे. डायोडपलीकडे उरतात २.७ ते २.८ व्होल्ट. सीआर२०३२ चे स्वतःचे व्होल्टेज ३ च्या आसपास असल्याने त्यात काही शिरत नाही, म्हणजे तो धोका आपोआप टळतो. पण एलआयआर२०३२ साठी २.७५ व्होल्ट म्हणजे जवळजवळ रिकामी अवस्था. असा सेल ३.३ व्होल्टच्या मॉड्यूलमध्ये वर्षभर राहिला तरी भरणार नाही. भरून घातला तर उतरत जाईल आणि परत वर येणार नाही. लोक याला "सेल लवकर उतरतो" म्हणतात. खरे तर तिथे त्या जातीचा सेल बसवणेच चूक.

उपाय एकच आणि सोपा: तो २०१ लिहिलेला रेझिस्टर काढून टाका आणि चांगल्या प्रतीचा सीआर२०३२ वापरा. सेल आधी बाहेर काढा. आयर्नच्या टोकावर सोल्डरचा जरा मोठा थेंब घेऊन रेझिस्टरची दोन्ही टोके एकदम तापवा, तो टोकाला चिकटून सुटून येतो. ओढाताण केली तर तांब्याची पट्टी उखडते. रेझिस्टरऐवजी डायोड काढला तरी परिणाम तोच, पण डायोड काचेचा असतो आणि तुकडे होतात. काम झाल्यावर सेल न घालता मॉड्यूलला ५ व्होल्ट द्या आणि खणाच्या धन पत्र्यापासून ग्राउंडपर्यंत १ मेगाओमचा रेझिस्टर लावून त्यावरचा दाब मोजा. रस्ता खरोखर तुटला असेल तर तिथे काही उरत नाही. ४ व्होल्टच्या वर दिसले तर चुकीचा रेझिस्टर काढला गेला आहे. १०२ लिहिलेला रेझिस्टर दिव्याचा आहे आणि ४७२ लिहिलेले जाळे एसडीए, एससीएल आणि इतर पायांच्या पुल-अपचे, म्हणजे रेषा वर ओढून धरणाऱ्या रेझिस्टरचे. त्यांना हात लावायचा नाही.

याच रस्त्यावर आणखी एक दुर्मिळ बिघाड असतो, पण तो डोळ्यांना दिसतो. डायोड शॉर्ट झाला तर मुख्य सप्लाय काढल्यावर सेल उलट दिशेने २०० ओममधून व्हीसीसीला पोसू लागतो. अंधारात पाहिले तर पट्टीवरचा दिवा मंद जळत असतो. दिवा आणि त्याचा १ किलोओम मिळून जवळपास १ मिलीअँपिअर खातात, आणि त्या रेषेवर मायक्रोकंट्रोलरही टांगलेला असेल तर त्याचे वेगळे. दहा दिवसांतला मृत्यू तो हाच. व्हीसीसीची तार पूर्ण सोडवूनही दिवा मिणमिणत असेल तर पुढे काही मोजायची गरज नाही.

दिव्याबद्दल एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. रेझिस्टर-डायोड धड असतील तर दिवा सेलमधून काही घेत नाही, तो व्हीसीसीवर आहे. मुख्य सप्लायही बॅटरीचाच असेल तर त्याचे सव्वा-दीड मिलीअँपिअर वाचवण्यासाठी तो काढा. बटण सेल वाचेल या आशेने काढू नका.

७० मायक्रोअँपिअरचे गूढ

सेल साधारण चार महिन्यांत जात असेल तर हा भाग नीट वाचा. डीएस३२३१ ची एक खासियत आहे: व्हीसीसी नसले तरी, नुसत्या सेलवरही, तिची आय-टू-सी बस (तीच एसडीए-एससीएलची जोडी) जिवंत असते. त्या अवस्थेत कोणी तिच्याशी बोलू लागले की सेलमधून ७० मायक्रोअँपिअरपर्यंत जातात. जुन्या डीएस१३०७ मध्ये असे होत नव्हते. तिथे व्हीसीसी सेलच्या सव्वापटीखाली गेला की बस बंद पडायची. (त्या नियमाची स्वतःची गंमत होती. ४.२ व्होल्टपर्यंत भरलेला एलआयआर सेल थेट जोडला तर सव्वापट म्हणजे ५.२५ व्होल्ट, आणि ५ व्होल्टवर चिप गप्प.)

मग वीज गेल्यावर बोलतो कोण? बहुतेक वेळा अर्धमेला मायक्रोकंट्रोलर. मुख्य सप्लाय बंद केला, पण संगणकाला जोडलेला यूएसबी-सीरियल अडॅप्टर तसाच राहिला. त्याच्या टीएक्स (डेटा पाठवणाऱ्या) रेषेतून मायक्रोकंट्रोलरच्या पायातल्या संरक्षक डायोडमधून सप्लायच्या रेषेवर दोन-अडीच व्होल्ट येऊन बसतात. एवढ्यावर मायक्रोकंट्रोलर धड झोपत नाही की धड जागा होत नाही. तो सुरू होतो, घड्याळ वाचायला जातो, कोसळतो, पुन्हा सुरू होतो. चिपच्या दृष्टीने व्हीसीसी २.४५ ते २.७० व्होल्ट या वीज गेल्याचे ठरवणाऱ्या पट्ट्याच्या खाली आणि सेलपेक्षाही कमी, म्हणून ती सेलवर गेलेली असते. दर वेळच्या बोलण्याचा खर्च सेलच्या नावावर पडतो. वर घाईगर्दीत चुकीचे आकडे वेळेच्या रजिस्टरमध्ये लिहिले जाण्याचा धोका आहेच.

तपासणी सोपी आहे. सप्लाय बंद करून मॉड्यूलच्या व्हीसीसी पायावर मल्टिमीटर लावा. तिथे शून्याच्या आसपास दिसायला हवे. १ ते २.५ व्होल्ट दिसले तर कुठूनतरी मागच्या दाराने वीज येते आहे. सीरियल अडॅप्टर, प्रोग्रामर, वेगळ्या सप्लायवरचा सेन्सर, एकेक सोडवत जा आणि आकडा कधी पडतो ते बघा. कायमचा उपाय म्हणून टीएक्स रेषेत १ ते ४.७ किलोओम घालता येतो आणि मायक्रोकंट्रोलरचा ब्राउन-आउट रिसेट (सप्लाय ठरलेल्या पातळीखाली गेला की त्याला थांबवून ठेवणारी सोय) २.७ व्होल्टवर लावता येतो. दोन्ही केले तर उत्तम.

लॉगरवाल्यांमध्ये (नोंदी ठेवणारी यंत्रे बनवणाऱ्यांमध्ये) दुसरी एक पद्धत आहे. मॉड्यूलचा व्हीसीसी कायमचाच तोडायचा आणि चिप सदैव सेलवर चालवायची, म्हणजे तिचा व्हीसीसीवरचा शंभरेक मायक्रोअँपिअरचा आराम-खर्च वाचतो. कल्पना चांगली आहे आणि चालतेही. फक्त मग प्रत्येक वाचन सेलच्या खात्यावर आहे हे विसरू नये. पंधरा मिनिटांनी एकदा वाचले तर फरक जाणवणारही नाही. पण प्रोग्राम दर सेकंदाला कॉन्व्ह बिट लावून सक्तीने तापमान मोजून घेत असेल, तर जास्तीत जास्त ५७५ मायक्रोअँपिअर गुणिले एक अष्टमांश सेकंद, म्हणजे सरासरी पुन्हा ७० च्या घरात. तेच चार महिने.

दोन रजिस्टर आणि एक चुकीचा पुल-अप

नियंत्रण रजिस्टर हेक्स ०ई वर आहे. त्यातला सहावा बिट बीबीएसक्यूडब्ल्यू, म्हणजे सेलवर असतानाही एसक्यूडब्ल्यू पाय (चौकोनी लाट किंवा गजराचा संकेत देणारा) चालू ठेवायचा की नाही. पहिल्यांदा वीज मिळते तेव्हा हे रजिस्टर हेक्स १सी असते आणि तो बिट शून्य. पण काही लायब्ररी अलार्म लावताना तो १ करतात. गजराने मुख्य सप्लायचा स्विच उघडायचा असेल तर तो १ च लागतो, कारण त्याशिवाय सेलवर असताना गजर वाजत नाही.

बिट १ असणे हा स्वतःहून गुन्हा नाही. गुन्हा घडतो तो पुल-अपमध्ये. हा पाय ओपन-ड्रेन आहे, म्हणजे तो रेषा फक्त खाली ओढतो, वर न्यायला पुल-अप लागतो. व्हीसीसी मेलेला असताना पट्टीवरचा ४.७ किलोओम काही उपयोगाचा नाही, म्हणून गजरवाल्या सर्किटमध्ये पुल-अप सेलला जोडला जातो, आणि हाताला आला तो ४.७ किलोओमच लावला जातो. १ हर्ट्झची चौकोनी लाट चालू असेल तर पाय अर्धा वेळ खाली असतो: सरासरी ०.३२ मिलीअँपिअर, म्हणजे सेल एक महिना. आणि गजर वाजून गेल्यावर स्थिती रजिस्टरमधला झेंडा कोणी उतरवला नाही तर पाय कायम खालीच राहतो: ०.६४ मिलीअँपिअर, दोन आठवडे. इथे १ मेगाओम लावा. खाली असतानाही फक्त ३ मायक्रोअँपिअर जातात, आणि सप्लायचा स्विच म्हणून लावलेल्या मॉस्फेटचा गेट चालवायला तेवढे पुरते. मॉस्फेट उघडताच प्रोग्रामने पहिले काम ए१एफ बिट (पहिल्या गजराचा तोच झेंडा) पुसण्याचे करावे.

स्थिती रजिस्टर हेक्स ०एफ वर. त्यातला तिसरा बिट ३२ किलोहर्ट्झची लाट ३२के पायावर सोडतो आणि तो सुरुवातीपासून १ असतो. ती लाट वापरत नसाल तर शून्य करा. वाचणारा खर्च लहान आहे, पण फुकट आहे. त्याच रजिस्टरचा सातवा बिट, ओएसएफ, हा पुरावा म्हणून सर्वात मोलाचा. आंदोलक (ऑसिलेटर) कधीही थांबला असेल तर हा बिट १ होतो आणि कोणी पुसेपर्यंत १ राहतो. प्रोग्रामने सुरुवातीला आधी तो वाचून कुठेतरी नोंदवावा, मगच वेळ भरावी आणि बिट पुसावा. ओएसएफ शून्य आहे पण वेळ चुकलेली आहे, तर सेल निर्दोष. वेळ कोणीतरी लिहिली आहे.

मोजायचे कसे

स्वस्त मल्टिमीटर मायक्रोअँपिअरच्या पट्ट्यावर आत बराच रोध घालतो, पट्टा बदलताना सर्किट क्षणभर तुटते आणि घड्याळ पुसले जाते. त्यापेक्षा १ किलोओमचा रेझिस्टर सेलच्या मालिकेत घाला आणि त्यावरचे मिलीव्होल्ट मोजा. १ मिलीव्होल्ट म्हणजे १ मायक्रोअँपिअर. दोन्ही बाजूंना तांब्याची पातळ फित चिकटवलेला, मधे अखंड असलेला कागदाचा तुकडा सेल आणि वरच्या पत्र्यामध्ये सरकवला की रेझिस्टर जोडायला दोन टोके मिळतात. हे सगळे मुख्य सप्लाय चालू असताना करावे, आणि नंतर सप्लाय काढावा. सेल ताजा, ३ व्होल्टच्या वरचा हवा, कारण तापमान मोजताना १ किलोओमवर अर्धा व्होल्टही पडू शकतो आणि चिपला किमान २.३ व्होल्ट लागतात.

निरोगी मॉड्यूलवर आकडा १ मिलीव्होल्टच्या आसपास किंवा खाली स्थिर राहतो आणि ६४ सेकंदांनी एकदा झटका मारतो. तो झटका बिघाड नाही. ५ ते १० दिसले तर गळती पट्टीवर आहे. ३०० च्या पुढे दिसले तर पुल-अप किंवा डायोड.

एक सापळा इथे आहे. कोऱ्या मॉड्यूलमध्ये सेल घालून लगेच मोजले तर आकडा जवळपास शून्य येतो आणि माणूस खूश होतो. सेल पहिल्यांदा लागला की चिपचा आंदोलक मुद्दामच सुरू होत नाही. व्हीसीसी एकदा मिळेपर्यंत, किंवा बसवर पत्ता लिहिला जाईपर्यंत ती झोपून राहते, म्हणजे गोदामात सेल वाया जाऊ नये. तेव्हा आधी दोन-तीन सेकंद सप्लाय द्या, वेळ भरा, मग मोजा.

सेलची तब्येत नुसत्या व्होल्टेजवरून कळत नाही. सीआर२०३२ बराच काळ ३ च्या आसपास सपाट चालतो आणि शेवटी एकदम घसरतो. १ किलोओम थेट सेलवर दोन-तीन सेकंद लावून बघा. ताजा सेल जेमतेम हलतो, २.७ च्या खाली गेला तर त्याचे दिवस भरत आले. मल्टिमीटर सेलवर लावून विसरू नका, त्याचा १० मेगाओमही ०.३ मायक्रोअँपिअर घेतो.

पट्टीवरचा मळ

५-१० मायक्रोअँपिअरच्या गळतीमागे बहुतेक वेळा फ्लक्स असतो. हाताने सोल्डर केल्यावर चिपच्या पायांमध्ये राहिलेला थर कोरड्या हवेत निरुपद्रवी वाटतो, दमट हवेत ओल धरतो. ३ व्होल्टवर १ मेगाओमची वाट तयार झाली की ३ मायक्रोअँपिअर गेले, म्हणजे चिपच्या खर्चाच्या कितीतरी पट. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने धुवा, वाळू द्या, पुन्हा मोजा. आकडा पडला तर निदान झालेच. सेल कडेने बोटात धरल्यास कडेवर घामाचा पातळ पूल तयार होतो, पुसून घाला. खणाचा पत्रा सैल असेल तर धक्क्याने संपर्क क्षणभर तुटतो. तिथे सेल भरलेला आणि ओएसएफ १ अशी विसंगत जोडी सापडते.

स्वतः पट्टी आखणाऱ्यांसाठी दोन सूचना. सेलच्या रेषेवर टँटलम कपॅसिटर घालू नका. १० मायक्रोफॅरड, १० व्होल्टच्या टँटलमची मान्य गळतीच १ मायक्रोअँपिअरच्या घरात असते, म्हणजे दुसरी चिप पोसल्यासारखे. १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक पुरे. दुसरे, सेल आणि सप्लाय एकत्र आणायला शॉटकी डायोड वापरत असाल तर त्याची उलटी गळती खोलीच्या तापमानाला नव्हे, बंद डब्यात ६० अंशांना किती होते ते डेटाशीटच्या आलेखात बघा. ती तापमानाबरोबर झपाट्याने चढते. साधा सिलिकॉन डायोड इथे जास्त प्रामाणिक.

मायक्रोकंट्रोलरमधलेच घड्याळ का नको?

प्रश्न रास्त आहे. एसटीएम३२एफ१०३ सारख्या मायक्रोकंट्रोलरला सेल जोडायचा व्हीबॅट पाय असतो आणि बाहेरचा ३२.७६८ किलोहर्ट्झचा स्फटिक चालवत तो ३.३ व्होल्टला साधारण १.४ मायक्रोअँपिअर घेतो. सेलच्या दृष्टीने डीएस३२३१ च्या तोडीस तोड. पण तिथले सापळे वेगळे. सप्लाय झपाट्याने चढताना तो व्हीबॅटपेक्षा ०.६ व्होल्टने वर गेला, तर आतल्या डायोडमधून सेलमध्ये उलटा प्रवाह जाऊ शकतो. उत्पादकच बाहेरून कमी पडीचा डायोड लावायला सांगतो. एफ४ मालिकेत सेलचे व्होल्टेज एडीसीने (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या आतल्या भागाने) मोजायची सोय आहे. व्हीबॅटई बिट लावला की आतला विभाजक सेलवर जोडला जातो, आणि तो बिट मोजून झाल्यावर पुसला नाही तर यंत्र चालू असतानाही सेल झिजत राहतो. सप्लाय भरपूर असताना सेल का उतरतो, या कोड्याचे उत्तर तिथे शोधा. बॅकअप एसरॅमचा (सेलवर टिकणाऱ्या मेमरीचा) रेग्युलेटर गरज नसताना चालू असेल तर सेलवरचा खर्च ठळकपणे वाढतो, तेही बघा.

आणि अचूकता. साध्या स्फटिकाला तापमान भरपाई नसते. डीएस३२३१एसएन ० ते ४० अंशांत २ पीपीएमच्या (दहा लाखांत दोन भागांच्या) आत राहते, म्हणजे वर्षाला साधारण एक मिनिट. या मॉड्यूलची किंमत वसूल होते ती इथे.

फक्त हाती एसएन आहे की एम ते तपासा. डीएस३२३१एम मध्ये स्फटिकाऐवजी मेम्स रेझोनेटर (सिलिकॉनवर कोरलेला सूक्ष्म कंपक) असतो आणि हमी ५ पीपीएमची. वरची छपाई विश्वासाची नसते. नियंत्रण रजिस्टरमधला आयएनटीसीएन बिट शून्य करून आरएस१ बिट १ आणि आरएस२ बिट ० करा: एसएन १.०२४ किलोहर्ट्झ देते, एम काही केल्या १ हर्ट्झवरच राहते. पुल-अप व्हीसीसीवर असल्याने ही चाचणी सप्लाय चालू ठेवून करावी.

सेलचे आयुष्य हेच एकमेव ध्येय असेल आणि वर्षाला काही मिनिटांची चूक चालणार असेल, तर पीसीएफ८५२३ सुमारे १५० नॅनोअँपिअरमध्ये भागवते, आणि मायक्रो क्रिस्टलची आरव्ही-३०२८ तर ४५ मध्ये. पण या दोन्हींमध्ये, तशीच एमसीपी७९४०एन मध्येही, सेलवर जाण्याची सोय कारखान्यातून बंद असते. पीसीएफ८५२३ मध्ये हेक्स ०२ रजिस्टरचे वरचे तीन बिट १११ असतात, ते ००० केल्याशिवाय नवा कोरा सेलही कामाला येत नाही. एमसीपी७९४०एन मध्ये हेक्स ०३ चा तिसरा बिट, व्हीबॅटईएन, १ करावा लागतो. घड्याळ प्रत्येक वीज गेल्यावर शून्यावर येते आणि सेल मात्र वर्षभरानंतरही ताजाच, असे दिसले तर तिथे गळती शोधत बसू नका. तो बिट लिहा.